टीव्हीवरचं कोडी, माडीवरचा पीसी आणि मधेच अडकलेलं कनेक्शन

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. टीव्हीवरच्या कोडी या व्हिडिओ-गाणी वाजवायच्या अॅपमधून घरातल्या कॉम्प्युटरवरचा शेअर केलेला फोल्डर उघडत नसेल, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असं येत असेल, आणि घरात फायबरचा एक बॉक्स आणि शिवाय आणखी एक राउटर असेल, तर कोडीच्या सेटिंगला हात लावायच्या आधी टीव्हीचा आयपी अॅड्रेस (म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) आणि कॉम्प्युटरचा आयपी अॅड्रेस कागदावर एकाखाली एक लिहा. चार आकड्यांमधला तिसरा आकडा वेगळा निघाला, म्हणजे एकाचा १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, तर बहुतेक तुमचं दुखणं तिथेच आहे. आता सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे हे एवढ्यावर मिटलं नाही, एक एरर गेली की तिच्या मागे दुसरी उभी असायची.

मिरजेच्या घरी बाबांच्या कॅसेटी आहेत, भरपूर आहेत. आजोबांचं भजनी मंडळ होतं, दर एकादशीला आमच्या सोप्यात बसायचं, आणि बाबांनी कॉलेजात असताना घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर ती भजनं भरून ठेवलीत. शिवाय आत्याच्या लग्नाची व्हीएचएस, माझ्या बारशाची व्हीएचएस, गल्लीतल्या गणपतीत झालेली नाटकं. हे सगळं बाबांनी रिटायर झाल्यावर हळूहळू कॉम्प्युटरवर आणलं. कॅसेट डेकमधून लाइन-इनला वायर, ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्डिंग, आणि टेप जेवढी लांब तेवढा वेळ ती पूर्ण वाजू द्यायची, त्यात घाई करताच येत नाही. प्रत्येक फाइलला नाव देताना बाबा कॅसेटच्या कव्हरवरचं स्वतःचं जुनं अक्षर वाचतात आणि तसंच्या तसं टाइप करतात, ‘कार्तिकी, पेटी जोशी, तबला नाना’ असं. एका रेकॉर्डिंगमध्ये अभंग संपता संपता आजोबा कुणाला तरी म्हणतात, दार लावून घे रे, वारं येतंय. आईला तेवढं वाक्य ऐकायला ती फाइल परत परत लावायची असते.

पण हे सगळं माडीवरच्या खोलीतल्या पीसीवर, आणि आईचे गुडघे दुखतात, तिला जिना नको वाटतो. म्हणून खाली हॉलमधल्या अँड्रॉइड टीव्हीवर कोडी टाकलं. कोडी मला मनापासून आवडतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, जवळजवळ कुठलाही फॉरमॅट वाजवतं, आणि स्वतःच्या घरच्या व्हिडिओंना स्वतः लिहिलेली माहिती जोडता येते. मूळचं ते एक्सबॉक्स या गेम कन्सोलसाठी लोकांनी हौसेनं लिहिलेलं सॉफ्टवेअर, एक्सबीएमसी नावाचं, २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. घरी साठवलेला संग्रह टीव्हीवर नीट मांडून बघायचा असेल तर माझ्या मते आजही याच्याइतकं चांगलं काही नाही.

तर कोडीमध्ये व्हिडिओज, फाइल्स, अॅड व्हिडिओज, ब्राउज, मग विंडोज नेटवर्क एसएमबी. इथे क्लिक केलं की घरातले कॉम्प्युटर दिसायला हवेत. यादी रिकामी. मी दिवाळीला घरी पोचेपर्यंत बाबांनी शेजारच्या मुलाला बोलावून कोडी काढून परत टाकून झालं होतं, टीव्ही फॅक्टरी रिसेट करून झाला होता, आणि कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं म्हणून पीसीवर एसएमबी १ चालू केलेलं होतं. बाबांचं म्हणणं एकच, “अगं नेट तर चालूय की, युट्यूब दिसतंय, मग हेच का दिसंना?”

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ याच समजुतीत आहे. युट्यूब चालतं तेव्हा टीव्ही घराबाहेर बोलतोय. कोडीला पीसीवरचा फोल्डर हवा असतो तेव्हा टीव्हीला घरातल्या घरात बोलायचं असतं. हे दोन रस्ते वेगळे, आणि पहिला गुळगुळीत असला म्हणून दुसरा आहेच असं नाही.

आधी त्या एसएमबी १ बद्दल, कारण मराठी काय हिंदी काय, जिथे बघाल तिथे हा सल्ला दिलेला असतो आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत, आणि तिचं पहिलं व्हर्जन १९८० च्या दशकातलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या व्हर्जनच्या भोकातून, आणि तोही त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच येऊन गेलेला असताना. पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा आला, त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ चा सर्व्हर मुळातच नसतो, आणि हे फार बरं झालं. आता मुद्दा असा की कोडीची ती जुनी ‘घरातले कॉम्प्युटर दाखव’ वाली यादी याच जुन्या व्यवस्थेवर अवलंबून होती, म्हणून यादी रिकामी आली की लोक एसएमबी १ परत चालू करतात. गरज नसते! यादी रिकामी असली तरी पीसी एसएमबी २ आणि ३ व्यवस्थित बोलतो, आणि कोडीलाही ते येतं, अठराव्या व्हर्जनपासून तर सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेस, मग एसएमबी क्लायंट, इथे कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्हर्जन ठरवता येतं. यादीतून शोधत बसण्याऐवजी ‘अॅड नेटवर्क लोकेशन’ वर जायचं आणि पीसीचा आयपी अॅड्रेस आणि शेअरचं नाव हाताने लिहायचं. मी पीसीवर पहिलं काम केलं ते एसएमबी १ बंद करायचं, मग हाताने अॅड्रेस टाकला, आणि कोडी बराच वेळ गोल फिरवून म्हणालं, कनेक्शन टाइम्ड आउट.

एरर वाचताना मी एक गोष्ट पाळते. टाइम्ड आउट म्हणजे हाक मारली आणि उत्तरच आलं नाही. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे मशीन भेटलं पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या ज्या नंबरच्या दारावर हाक मारली तिथे, कुणी ऐकत नाहीये. ऑपरेशन नॉट परमिटेड म्हणजे बहुतेक वेळा मशीनही भेटलं, सर्व्हिसही भेटली, पण नाव-पासवर्ड किंवा परवानगी पटलेली नाही. त्यामुळे टाइम्ड आउट दिसत असताना पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नसतो, तिथपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते.

आता मजा बघा, माझा लॅपटॉप घेऊन मी माडीवर बसले, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पीसीचा आयपी टाकला, पटकन फोल्डर उघडला, आजोबांची सगळी भजनं समोर. तोच लॅपटॉप घेऊन खाली हॉलमध्ये आले आणि काही नाही. लॅपटॉप तोच, पासवर्ड तोच, फक्त जिना उतरले. आणि त्याच वेळी आई सहज बोलून गेली की तिच्या फोनवरून टीव्हीवर फोटो टाकायचं ते चौकोनी चिन्ह कधी येतं कधी येत नाही, स्वयंपाकघरात असलं की येतं, वर कपडे वाळत घालायला गेलं की जातं. हे ऐकल्यावर मात्र मला नक्की कळलं कुठे बघायचं. कास्टसाठी फोन घरभर हाक मारून टीव्ही शोधत असतो आणि ती हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे वरचं वायफाय आणि खालचं वायफाय ही दोन वेगळी नेटवर्क होती.

झालं असं होतं की लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करत होते तेव्हा माडीवर रेंज येत नव्हती, म्हणून फायबरच्या बॉक्सपासून वर एक केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावून घेतला होता. ती केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घ्यायच्या खाचेत होती. वॅन पोर्टमध्ये केबल घातली की तो राउटर स्वतःचं वेगळं घर मांडतो, स्वतः आयपी वाटायला लागतो. खाली टीव्हीचा आयपी १९२.१६८.१.७ आणि वर पीसीचा १९२.१६८.०.१०४, असं कागदावर लिहून मी बाबांना दाखवलं. वरच्या राउटरचं दार आतून कडी असलेलं आहे असं समजा, आतला माणूस हवं तेव्हा बाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग त्याचं उत्तरही आत येतं, पण बाहेरून कुणी आपणहून आत यायला गेलं तर कडी कोण काढणार. पीसीवरून टीव्हीला पिंग (‘आहेस का’ अशी छोटी हाक) जात होतं, टीव्हीवरून पीसीला काहीच जात नव्हतं. इंटरनेट मात्र दोन्हीकडे झकास, कारण इंटरनेटला कायम आतून बाहेरच जायचं असतं. एवढी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही कारण लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

उपाय सोपा आहे पण शांतपणे करावा लागतो. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड म्हणून असतं, तिथे राउटर मोडच्या जागी अॅक्सेस पॉइंट मोड निवडायचा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न मांडता फक्त वायफाय पसरवतो. बऱ्याच राउटरमध्ये हा पर्याय असतो. नसेल तर हाताने करता येतं: वरच्या राउटरचा स्वतःचा आयपी खालच्या बॉक्सच्या मालिकेतला पण मोकळा असलेला द्यायचा, त्याचं डीएचसीपी बंद करायचं म्हणजे तो आयपी वाटणं थांबवतो, आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या मशीनसाठीच्या खाचेत घालायची. क्रम हाच ठेवा, आधी सेटिंग सेव्ह आणि मग केबल, नाहीतर घरात दोघं दोघं आयपी वाटत बसतात. फायबरच्या बॉक्समध्ये एकच डीएचसीपी राहू द्यायचं. मी पुढे जाऊन दोन्ही वायफायना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, म्हणजे आईचा फोन वर-खाली जाताना आपला आपण बदलतो.

केलं, पीसी रीस्टार्ट, आयपी आता १९२.१६८.१.१२, तिसरा आकडा जुळला. कोडीमध्ये नवीन आयपी टाकला. कनेक्शन टाइम्ड आउट.

बाबांचा चेहरा पडला, कारण इतकं सगळं बदलून तीच एरर तशीच्या तशी. इथे बरेच जण केलेलं सगळं उलटं फिरवतात आणि पुन्हा सुरुवातीला जातात, म्हणून मी हा भाग मुद्दाम सावकाश लिहितेय. एरर तीच असली तरी कारण तेच असेल असं नसतं. रस्ता झाला होता का हे आधी वेगळं तपासायला हवं होतं, कोडीला न विचारता. लॅपटॉपवर पॉवरशेल (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड दिली, तिला पीसीचा आयपी आणि पोर्ट ४४५ दिला, कारण एसएमबी ४४५ नंबरच्या पोर्टवर चालतं. थोडं थांबून शेवटच्या ओळीत ट्रू नाहीतर फॉल्स येतं. आलं फॉल्स. मग पीसीवरून फायबरच्या बॉक्सला पिंग केलं, ते नीट. म्हणजे केबल ठीक, नेटवर्क ठीक, पण पीसी स्वतःच कुणाला उत्तर देत नव्हता.

नेटवर्क बदललं की विंडोजला वाटतं आपण नवीन ठिकाणी आलोय, आणि नवीन ठिकाण तो पब्लिक धरतो, स्टेशन किंवा कॉफी शॉपच्या वायफायसारखं, आणि पब्लिक म्हटलं की फायरवॉल बाहेरून येणाऱ्या फाइल शेअरिंगच्या हाका अडवते. हे बरोबरच आहे, स्टेशनवर तसंच व्हायला हवं. माडीवरच्या जुन्या नेटवर्कला कधीतरी प्रायव्हेट केलेलं होतं म्हणून तिथे सगळं चालायचं, नवीन नेटवर्कला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, आणि तिथे नेटवर्क प्रोफाइल पब्लिकचं प्रायव्हेट केलं. एवढंच. फायरवॉल बंद करून बघा असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका, बंद केलेली फायरवॉल परत चालू करायची राहून जाते आणि मग ती महिनोन् महिने बंदच असते. परत कमांड दिली, ट्रू. आणखी एक, पिंगला उत्तर येत नाही म्हणून पीसी बंद आहे असं समजू नका, विंडोज बऱ्याचदा पिंगला गप्प राहतो आणि पोर्ट ४४५ मात्र उघडा असतो, म्हणून पोर्टच तपासायचा.

आता टीव्हीवर एरर बदलली, ऑपरेशन नॉट परमिटेड. मी तर टाळीच वाजवली, बाबांना कळेना की एररवर एवढा आनंद कसला. पण ही प्रगती होती, आता निरोप पोचत होता आणि पीसी समोरून नाही म्हणत होता.

नाही का म्हणत होता? तर बाबा पीसी रोज चार आकडी पिन टाकून उघडतात आणि कोडीने पासवर्ड विचारला तेव्हा तोच पिन टाकला गेला होता. पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि ऑनलाइन अकाउंट असेल तर तो म्हणजे त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड. तो टीव्हीमध्ये साठवून ठेवणं मला अजिबात पटत नाही, कारण कोडी हे पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये वाचता येतील असे लिहून ठेवतं. त्यापेक्षा पीसीवर टीव्हीसाठी वेगळा लोकल युजर तयार केला, अकाउंट्समध्ये अदर युजर्स, तिथे ऑनलाइन अकाउंटशिवायचा युजर करायचा पर्याय थोडा लपलेला असतो पण असतो. त्याला साधा पासवर्ड दिला. मग संग्रहाच्या फोल्डरवर दोन ठिकाणी परवानगी दिली, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, दोन्हीकडे फक्त रीड. दोन्ही लागतात, एक राहिली तरी दार उघडत नाही. आणि फक्त रीड याच्यासाठी की रिमोटवरून चुकून काही डिलीट व्हायची भीतीच नको. त्या टेपांपैकी काही आता वाजतही नाहीत, ज्या फाइल आहेत त्याच आहेत. काही जण सगळी भानगड टाळायला पासवर्डशिवायचा गेस्ट उघडा ठेवतात, पण विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर खात्रीची डिजिटल सही, सक्तीचं झालंय आणि गेस्ट त्यात बसत नाही, त्यामुळे तो रस्ता तसाही बंद होत चाललाय.

नवीन युजर झाला तरी कोडी आपलं नॉट परमिटेडच म्हणत राहिलं. हे मला अपेक्षित होतं. ‘रिमेंबर फॉर धिस पाथ’ वर टिक केलेली असली की कोडी जुनं नाव आणि जुना पासवर्ड पासवर्ड्स डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये लक्षात ठेवतं आणि सोर्स काढून परत टाकला तरी तेच परत पाठवू शकतं. नवीन अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या अॅपमधून ती फाइल सापडत नाही, पण कोडीचा स्वतःचा फाइल मॅनेजर आहे, त्यात प्रोफाइल डिरेक्टरी उघडली की ही फाइल समोरच असते. तिथून डिलीट, कोडी बंद करून परत चालू, नवीन युजरचं नाव आणि पासवर्ड.

उघडलं. नाटकं, लग्न, बारसं, भजनं, सगळे फोल्डर टीव्हीवर. एक फोल्डर तेवढा रिकामा दिसत होता, तो बाबांनी त्याच ड्राइव्हवर दुसरीकडून कट-पेस्ट करून आणलेला होता आणि अशा फोल्डरला जुन्या जागेच्याच परवानग्या चिकटून राहतात, सिक्युरिटीमध्ये जाऊन टीव्हीचा युजर तिथेही जोडला की झालं.

आईने अर्थातच आधी ते दार लावून घे वालं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. टीव्हीच्या स्पीकरवर आजोबांचा आवाज पीसीपेक्षा भारदस्त येतो. बाबा उठून तबल्यावर कोण आहे ते टीव्हीजवळ जाऊन ऐकत होते, म्हणाले हा नाना नाही, नाव बदलावं लागणार.

बाकी किरकोळ. फायबरच्या बॉक्समध्ये पीसीसाठी आयपी राखून ठेवा, अॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात त्याला, नाहीतर वीज गेली-आली की पीसीला दुसरा आयपी मिळतो आणि टाइम्ड आउट परत हजर, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जातेच. पीसी झोपला तरी टाइम्ड आउटच येतं, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद केलंय, बाबा रात्री स्वतः शट डाउन करतात. पीसी केबलने जोडलेला असेल तर टीव्हीवरून त्याला उठवायची सोयही करता येते, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वेक ऑन लॅन चालू करावं लागतं, ते संक्रांतीला गेले की करेन. टीव्ही वायफायवर असला तरी आमच्या व्हीएचएसच्या फाइलना काही अडचण येत नाही, डीव्हीडीच्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला जेमतेम १० मेगाबिटपर्यंत लागतात, तेवढं जुनं वायफायही देतं. अडखळत असेल तर टीव्ही २.४ गिगाहर्ट्‌झवरून ५ वर टाकून बघा.